१४ कोयते, ११ लेकरं आणि चिटबॉयची वही

डिसेंबर सरता सरता आमच्या आशाताईंचा, म्हणजे गावच्या आशा सेविकेचा, फोन आला. "मॅडम, वढ्याच्या पल्याड टोळी उतरलीया. बारकी पोरं लई दिसत्यात." मी तेव्हा वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होते. हंगामात आमच्या भागात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतच असतात, त्यामुळे फोनचं नवल वाटलं नाही. आशाताईंनी मोजून आणलेले आकडे मात्र वहीत उतरवताना हात थबकला. १४ कोयते, म्हणजे १४ जोडपी. पाच वर्षांखालची ११ मुलं. दोन गरोदर बायका. आणि ११ मुलांत लसीकरणाचं कार्ड फक्त दोघांकडं.

त्या टोळीचं पुढं काय झालं, ते इथं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाव, कारखाना, दवाखाना यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

टोळी बीड जिल्ह्यातली. उतरलेली एका पडीक रानात. बांबू, पाचट आणि वरून निळं प्लास्टिक अशा खोपी ओळीनं घातलेल्या. पाणी शेजारच्या मळ्यातल्या बोअरचं. पहाटे चारला चुली पेटायच्या, पाचच्या आत मंडळी उसाच्या फडात. दुधावरचं पोर आईबरोबर जायचं आणि बांधावर पाचटाच्या सावलीत निजायचं. त्याहून मोठी पोरं खोपीवर, आठ-दहा वर्षांच्या ताईच्या ताब्यात. संध्याकाळी ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली भरली की माणसं परतायची. टोळीतला एक कोयता एक दिवस आला नाही तर टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत खाडा पडतो आणि तो उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, वळता होतो. हा खाडा नीट समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातलं काहीच समजत नाही. मला तो उशिरा समजला.

आमच्याकडं लसीकरणाचं सत्र ठरल्या बुधवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन, अंगणवाडीत. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि गावातल्या मुलांसाठी ते बरोबरही आहे. अतिजोखमीच्या भागांची यादी आमच्या सूक्ष्म नियोजनात असते, तिच्यात वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांची पालं आणि ऊसतोडीच्या वस्त्या येतात. आमच्या यादीत ऊसतोड वस्ती होती, पण मागच्या हंगामातली. ती जागा दोन किलोमीटर लांब आणि तिथं आता हरभरा उभा. मी यादीत नवी जागा घातली, आशाताईंना निरोप द्यायला सांगितलं, आणि आपलं काम झालं असं समजले.

त्या बुधवारी टोळीतलं एकच मूल आलं. साधारण दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन ओढा ओलांडून आली होती. भाऊ दहा महिन्यांचा. तिच्या पायात मोठ्या माणसाची स्लीपर, एकच पट्टा शाबूत. आईबाप दोघंही फडात. कार्ड नाही. आधी काय दिलंय ते तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पालकाशिवाय, आधीची माहिती घेतल्याशिवाय सुई टोचायची नाही हा नियम आहे आणि तो योग्य आहे. मी तिला परत पाठवलं. ती दारात थांबून म्हणाली, "मग मॅडम, उद्या येऊ का?" उद्या सत्र नव्हतं. पुढचं थेट महिन्याभरानं.

संध्याकाळी अहवालात लिहिलं, "स्थलांतरित कुटुंबांचा प्रतिसाद कमी." लिहिताना काही वाटलं नाही. रात्री जेवताना वाटलं. प्रतिसाद द्यायला घरी होतं कोण?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आशाताईंबरोबर मी स्वतः वस्तीवर गेले. बायका भाकरी थापत होत्या. मुकादम खाटेवर बसून कुणाशी तरी फोनवर ट्रॉलीवरून वाद घालत होता. आम्हाला बघून त्यानं पहिला प्रश्न केला तो असा : "पैसं किती लागत्याल?" लगेच दुसरा : "आन् पिवळं कार्ड गावाकं राह्यलं, त्याचं काय?"

एवढी वर्षं या खात्यात काढून हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. त्याच्या डोक्यात दवाखाना म्हटलं की योजना, आणि योजना म्हटलं की कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून टोळीतल्या एकाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा रेशनकार्डावरून गावाकडं दोन हेलपाटे पडले होते. लस त्या कारभारात येत नाही. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातली लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. विमा असो नसो, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, आधार खोपीत असो नाहीतर बीडला पेटीत असो. मूल ज्या गावात सापडेल त्या गावानं त्याला लस द्यायची. हे मी तिथं उभं राहून दोनदा सांगितलं. मुकादमानं ऐकून घेतलं. मग आपल्याच कामाचं बोलला, आणि तेच कळीचं निघालं : "फुकट हाय हे झाक हाय मॅडम. पर दिसाचं न्हाई जमायचं. रातच्याला या."

सुईला पैसे पडत नव्हते, पण आमच्या वेळेत ती घ्यायची तर दोन माणसांची मजुरी बुडत होती.

संध्याकाळचं सत्र लावायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. लस असते प्राथमिक आरोग्य केंद्रात, आयएलआर नावाच्या शीतपेटीत, २ ते ८ अंश तापमानात. सकाळी ती कॅरिअरमध्ये भरून सत्राला येते, सत्र संपलं की त्याच दिवशी परत. न फोडलेल्या कुप्या पुन्हा आयएलआरमध्ये गेल्याच पाहिजेत. म्हणजे रात्री नऊपर्यंत शीतसाखळी सांभाळणारा माणूस केंद्रात थांबायला हवा. त्याला घरी म्हैस होती आणि धारेची वेळ. वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. सिस्टरांना परतायला गाडी हवी. लसीनंतर कुणाला काही झालंच तर अॅड्रेनॅलीनचं किट आणि १०८ला वस्तीची वाट सांगणारा माणूस हवा. हे सगळं जुळवायला सहा दिवस गेले. वैद्यकीय अधिकारी एका फोनवर हो म्हणाले. म्हशीचा प्रश्न त्या माणसाच्या बायकोनं सोडवला. वाया गेलेला वेळ बहुतेक माझाच, कोणत्या रजिस्टरला कसं दाखवायचं ते विचारण्यात.

त्या सहा दिवसांत एक खरं काम झालं. नऊ बिनकार्डाच्या मुलांचा इतिहास शोधणं.

आईला विचारलं तर आई सांगते, पण तिच्या भाषेत. "मांडीत दोन सुया, तोंडात थेंब, रातभर रडलं." यातून पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, डोस झालाय एवढं कळतं, कितवा ते कळत नाही. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसला की जन्मानंतरची लस झाली असं धरता येतं. लसीकरणाच्या सरकारी यू-विन पोर्टलवर मोबाईल नंबरानं शोधलं तर एकच मूल सापडलं. बाकीच्यांची नोंद त्यांच्या जुन्या सिमकार्डांवर असावी आणि सिम तर हंगामागणिक बदलतं. शेवटी आशाताईंनी जे केलं ते मला सुचलं नव्हतं. प्रत्येक आईला त्यांनी विचारलं, "तुज्या गावच्या आशाचा नंबर हाय का?" तीन जणींकडं होता. त्यातली एक आशा तर एकीची चुलत जाऊच निघाली. तिनं रात्री रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर धाडले. निळ्या शाईतली वाकडी अक्षरं, एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. त्या पानांवर पाच मुलं सापडली. तिघांचं काहीच मिळालं नाही, त्यातली दोघं सख्खी भावंडं. ज्याचा पुरावाच नाही त्याला लस मिळालीच नाही असं धरायचं आणि वयाप्रमाणे सुरुवात करायची. एखादा डोस जास्तीचा झाला तर बिघडत नाही, राहिला तर बिघडतं.

हे आशाताईंच्या पदरात काय घालतं, तेही सांगते. मूल वर्षाच्या आत पूर्ण लसवंत झालं की आशाला १०० रुपये मिळतात. ही मुलं महिन्यात दुसऱ्या गावाला जाणार, त्यांचं "पूर्ण" आमच्या गावात होणारच नाही. सहा रात्री फोन करून त्यांच्या खात्यावर त्या मुलांचा एक रुपया जमा झाला नाही. मी हे वर कळवलं आहे.

सत्र झालं ते संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसहाला. दिवस लहान, साडेसहाला अंधार. चार्जिंगचे दोन दिवे नेले होते. एक लागलाच नाही. मुकादमानं ट्रॅक्टर वळवून हेडलाईट खोपींवर टाकला. उजेड भरपूर झाला, पण सगळा एकाच बाजूनं. सिस्टर ज्या हातानं सुई धरायच्या त्याच हाताची सावली मुलाच्या दंडावर पडायची. शेवटी खाट आडवी फिरवून घेतली.

कॅरिअरमध्ये चार आइसपॅक, हलवले की आत पाणी खळखळतंय एवढे वितळू दिलेले. दगडासारखे गोठलेले ठेवले तर पेंटासारखी लस गोठून निकामी होते आणि बाहेरून चटकन ओळखूही येत नाही. प्रत्येक कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेनं रंग बदलणारी खूण, बघायची, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असला तरच लस चांगली. हे दिवसा सहज दिसतं. हेडलाईटच्या पिवळ्या झोतात चौकोनही पिवळा आणि गोलही. एकेक कुपी चांगल्या दिव्याखाली नेऊन बघावी लागली.

दहा महिन्यांचा तो मुलगा, ज्याला मी परत पाठवलं होतं, त्याचा पहिला नंबर मीच लावला. गावच्या रजिस्टरनुसार त्याचे दीड महिन्याचे डोस झाले होते, नंतरचं काही नाही. म्हणजे आज त्याला तोंडावाटे पोलिओ आणि जुलाबावरची रोटा, डाव्या मांडीत पेंटाचा दुसरा, उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकल, उजव्या दंडावर गोवर-रुबेला आणि डाव्या दंडावर आयपीव्ही, म्हणजे पोलिओची सुई. चार सुया. आईनं मोजल्या आणि पदर तोंडाला लावला. "एकदमच चार? जरासं लेकरू हाय ते." नवरा म्हणाला, "दोन आज, दोन मग द्या." 'मग' म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. चारही एका दिवशी दिल्या तर चालतात, वेगवेगळ्या जागी टोचायच्या एवढंच. ताप येईल, मांडी लाल होईल, रात्री कुरकुर करेल. पॅरासिटामोल देऊन ठेवते. आणि जी आज राहील ती कदाचित राहूनच जाईल. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं पोराला मांडीवर घेतलं आणि त्याचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं. आयपीव्ही कातडीत द्यायची असते, फक्त ०.१ मिलि. बरोबर गेली तर मसुराएवढी फुगी येते. ती आली. पोरगं असं किंचाळलं की ओढ्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. जीवनसत्त्व अ चा एक मिलि त्यानं अर्धा गिळला, अर्धा सिस्टरांच्या साडीवर.

बिनपुराव्याची दोन भावंडं दोन आणि तीन वर्षांची. वर्ष उलटल्यावर पेंटा सुरू करत नाहीत, त्याऐवजी डीपीटी, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस. तेवढ्यावरून सिस्टरांत आणि माझ्यात कुजबुजत एक चर्चा झाली, पुस्तिका काढून बघितली, त्यांचं बरोबर होतं. एका मुलाला १०२ ताप होता. त्याला लस दिली नाही, दुसऱ्या दिवशी केंद्रात यायला सांगितलं. त्याचा बाप खाडा पाडून आला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तोवर ताप उतरला होता आणि आम्ही थोडी सोय केली असती तर तीच तपासणी संध्याकाळीही झाली असती.

आता त्या कुपीबद्दल. गोवर-रुबेलाची आमची कुपी पाच डोसांची. त्या रात्री ती लागणारी मुलं सहा. पेंटा, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) यांच्या फोडलेल्या कुप्या नियमात बसत असतील तर २८ दिवस वापरता येतात. गोवर-रुबेलाची पावडर द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. सहाव्या मुलीसाठी दुसरी कुपी फोडली तर चार डोस जाणार. कोणत्याही आढावा बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा रकाना असतो आणि त्यावर बोट ठेवलं जातं. एका मुलासाठीही कुपी फोडावी असंच मार्गदर्शन आहे, पण बोट ठेवणाऱ्याला ते आठवतंच असं नाही. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी कुपी फोडायला सांगितली आणि लेबलवर वेळ घातली : ७.४०. गोवर कसा पसरतो ते २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगावनं दाखवलं होतं. दाटीवाटीच्या वस्तीत, डोस चुकलेल्या मुलांत तो आगीसारखा फिरतो. एका प्लास्टिकखाली आठ माणसं झोपणाऱ्या त्या खोपींत एक मूल बिनलसीचं ठेवून चार डोस वाचवण्यात मला काही शहाणपण दिसलं नाही.

मोठ्यांचंही थोडं झालं. गरोदर बायकांपैकी एकीला टीडीचा पहिला डोस. दुसरीचं आधीचं बाळंतपण दोन वर्षांपूर्वीचं, तेव्हा दोन्ही डोस झालेले, म्हणून तिला फक्त बूस्टर. दोघींच्या बाबतीत लसीपेक्षा हिमोग्लोबिनची काळजी जास्त होती, पण तो वेगळा विषय आहे. मग एक गडी पुढं आला. नडगीवर कोयत्याची जखम, तीन दिवसांची, हळद आणि धडप्यानं बांधलेली. "आमाला बी काय असल तर टोचा की." जखम धुतली, टीडी दिली, ड्रेसिंगला केंद्रात बोलावलं. ऊसतोडीच्या माणसाला धनुर्वाताची भीती आम्ही सांगायची गरज नसते. त्याला एवढंच माहीत नव्हतं की हेही फुकट आहे.

सगळ्यांना अर्धा तास थांबवून ठेवलं. त्या अर्ध्या तासात आशाताई नवी कार्डं भरत होत्या. माझं लक्ष त्या मुलीकडं गेलं, जिनं भावाला आणलं होतं. ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभी होती. मी वय विचारलं. "धा." शाळा? "हाय की गावाला. पाचवीत." पाचवीतल्या मुलीचा टीडीचा डोस शाळेत होतो आणि ही नोव्हेंबरपासून शाळेतच नाही. आमच्या ११ च्या यादीत ती नव्हती, कारण यादी पाच वर्षांखालची होती. आम्ही तिला मोजली होती ती भावाला आणणारी म्हणून. सिस्टरांनी टीडी भरली. तिनं दंड पुढं केला, तोंड फिरवलं नाही, सुईकडं बघत राहिली. मग विचारलं, "माजं बी कार्ड?" आशाताईंनी तिलाही एक चिठ्ठी लिहून दिली, तारीख घालून.

दुसरा डोस चार आठवड्यांनी. सात मुलांचा बाकी होता. तोवर टोळी त्याच रानात असेल का, हे मी सरपंचांना विचारलं, शेतमालकाला विचारलं, मुकादमाला विचारलं. कुणालाच सांगता येईना. मुकादम म्हणाला, "चिटबॉय सांगल तिकडं."

चिटबॉय म्हणजे कारखान्याच्या शेतकी गटाचा माणूस. कोणाच्या उसाची नोंद कधीची, कोणता फड कधी तुटणार, कोणती टोळी कुठं लावायची, हे सगळं त्याच्या वहीत. आमच्या रजिस्टरपेक्षा ती वही खरी निघाली. त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. त्यानं वही उघडून बोट फिरवलं आणि सांगितलं, "ही टोळी अठ्ठावीस तारखेपर्यंत हितं. मग कराडकडच्या शिवारात." म्हणजे जिल्हाच बदलणार. सांगलीची यादी साताऱ्याला आपोआप जात नाही. आशाताईंना तिकडच्या आशाचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले. यादी, कार्डांचे फोटो आणि चिटबॉयनं सांगितलेल्या शिवाराचं नाव एवढं पाठवलं. आमचा अनुभवही कळवला : दुपारी जाऊ नका, सहानंतर जा, दोन दिवे न्या.

सातपैकी पाच मुलांचा दुसरा डोस तिकडं झाला. दोन भावंडं, ती बिनपुराव्याची, आजीबरोबर आधीच गावी गेली होती. त्यांचा पत्ता त्या चुलत जाऊ आशाला कळवला. त्यातल्या मोठ्याचा डोस झाल्याचा फोटो एप्रिलमध्ये आला. धाकट्याचं अजून काही कळलेलं नाही.

यंदा दसऱ्यानंतर आशाताई आणि मी पहिल्यांदा गेलो ते शेतकी गट कार्यालयात. चिटबॉयकडून गावात येणाऱ्या टोळ्यांची आणि फडांची यादी उतरवून घेतली, तिच्यावरून सत्रं लावली, दोन टोळ्यांसाठी दोन संध्याकाळी. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सही केली. शीतसाखळीवाल्यानं विचारलं, "पुन्हा रातचं?" आणि म्हशीचं बघतो म्हणाला.

नोव्हेंबरात टोळी आली, वेगळी, पण त्यात गेल्या वर्षीचे तीन कोयते होते. त्यातल्या एका खोपीत बांबूला खिळ्यावर प्लास्टिकची पिशवी टांगलेली. आत मोबाईलचा चार्जर, देवाचा अंगारा आणि आमच्या उपकेंद्राचा शिक्का असलेलं कार्ड, कडेला थोडं उंदरानं कुरतडलेलं. दीड वर्षाचा बूस्टर बाकी होता.